‘तरणाच गेला’ एवढंच माहीत असलेल्या खापरपणजोबांचा माग

वंशावळ लिहायला बसलं की एक नाव हमखास असं येतं की ज्याच्या पुढं फक्त ‘अल्पायुषी’ लिहून मोकळं होतात. त्याचा फोटो नसतो, सही नसते, गोष्टही धड नसते, कारण गोष्टी सांगायला तो म्हातारा झालाच नाही. एकोणिसाव्या शतकातला असेल तर विषयच संपला असं लोकांना वाटतं. मला ते पटत नाही. लवकर गेलेल्या माणसाच्या हातून कागद कमी झालेले असतात हे मान्य, पण तो गेल्यामुळं जे कागद तयार होतात ते म्हातारपणी सुखानं गेलेल्या माणसाच्या वाट्याला येत नाहीत. मागं बायको, अज्ञान (म्हणजे वयात न आलेलं) पोर, भाऊबंद, देणं आणि एखादं वतन राहिलं की सगळ्यांना लिहून द्यावं लागतं, कोण गेला, कधी गेला, मागं कोण आहे.

हे प्रकरण माझ्या एका मित्राच्या घराण्याचं आहे. नावं देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, घराणं पाटीलकीचं, एवढं पुरे. मी मोडी वाचतो म्हणून त्यानं मला गाठलं. हातात काय होतं तर खापरपणजोबांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, ‘तरणाच गेला’ हे वाक्य आणि एक दणदणीत आख्यायिका, की खापरपणजोबा सावकारांविरुद्धच्या दंग्यात होते आणि इंग्रजांनी त्यांना फाशी दिलं. शिवाय पणजोबा मामाकडं वाढले, भीमेच्या पलीकडं करमाळा तालुक्यात, हे सगळ्यांना ठाऊक होतं पण का वाढले ते कुणालाच नाही.

पहिल्यांदा सगळे जातात तिथंच आम्ही गेलो, कोतवाल बुकाकडं. गाव नमुना १४, जन्ममृत्यूची वही. २०२३ मध्ये न्या. शिंदे समितीच्या कामामुळं कुणबी नोंदी शोधायला तहसिलींतले जुने दप्तर बाहेर निघाले, खूप ठिकाणी पानं स्कॅन होऊन जिल्ह्याच्या वेबसाइटवर चढली, त्यामुळं वंशावळवाल्यांची न मागता सोय झाली. राजकारण बाजूला ठेवा, पण घरी बसून मोडीतली वही पाहता येते ही चैन दहा वर्षांपूर्वी नव्हती. आमच्या गावची वही मात्र १८८९ पासूनच होती. म्हणजे खापरपणजोबा त्यात असायचा प्रश्नच नाही. पणजोबा सापडले, १९३१ साली मयत, उमर ५६, म्हणजे जन्म साधारण १८७५. जन्माच्या पानांवरून फार आशा ठेवू नका हे इथंच सांगतो, कारण जुन्या नोंदीत बापाचं नाव असतं आणि पुढं मुलगा किंवा मुलगी, बस. पोराचं नाव तोवर ठेवलेलंच नसतं. मृत्यूची नोंद त्या मानानं बोलकी, नाव, जात, वय, आजार सगळं येतं.

शिरगणतीचं कुणीतरी सुचवतंच म्हणून तेही सांगून टाकतो. आपल्याकडं १८७२ ला आणि १८८१ ला शिरगणती झाली, पण घराघराची पत्रकं जपली नाहीत, राहिले ते गोषवारे. विलायतेत लोक जसं १८५१ च्या घरात कोण कोण राहत होतं ते काढून दाखवतात तसं इथं होत नाही, तो नाद सोडा.

मग घरातली पेटी उघडली. माळ्यावर पत्र्याची पेटी असते आणि ‘त्यात काही नाही, जुने कागद आहेत’ असं सांगितलं जातं, तीच. लोक विसरतात की कर्ज फिटलं की गहाणखत सावकाराकडून परत घरी येतं. म्हणून घरात बऱ्याचदा फिटलेल्या कर्जाचे कागद सापडतात, न फिटलेल्यांचे सावकाराच्या वारसांकडं नाहीतर कोर्टात. आमच्या पेटीत खालून दुसरा कागद निघाला तो १८८२ चा, राणीच्या छापाच्या स्टँपवर, घडीवर फाटलेला, एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेला, आणि लिहून देणार कोण तर एक बाई. नाव, पुढं ‘कोम’, पुढं खापरपणजोबांचं नाव, पुढं मयत. म्हणजे अमक्याची बायको. आणि त्याखाली ती लिहून देतेय ती स्वतःसाठी नाही, अज्ञान मुलाची पालनकर्ती आई म्हणून. आजही सातबाऱ्यावर अ.पा.क. दिसतं ना, अज्ञान पालन कर्ता, त्याचाच हा पूर्वज.

त्या घरात खापरपणजीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. वंशावळीत बायकांच्या जागा मोकळ्याच होत्या, आपल्याकडं असतात तशा. त्यामुळं नवरा शोधायला गेलो आणि आधी बायको सापडली, मित्राच्या आत्या तर ते नाव दोन-तीनदा म्हणून बघत होत्या.

हा कागद असा नीट का लिहिलाय यालाही कारण आहे. १८७५ च्या मे महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला, लोकांनी सावकारांच्या दुकानांवर जाऊन रोखे आणि गहाणखतं जाळली. सरकारनं चौकशी कमिशन नेमलं आणि १८७९ ला दख्खनचा शेतकरी कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात शेतकऱ्यानं करून दिलेला कागद गावरजिस्ट्रारच्या देखरेखीखालीच लिहायचा अशी तरतूद होती, म्हणजे सावकारानं कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन मागनं वाटेल ते भरायला नको. त्याच्यामुळं १८७९ नंतरचे या चार जिल्ह्यांतले कर्जाचे कागद वंशावळीच्या दृष्टीनं सोनं आहेत, कारण आधीचं देणं कधीचं, कुणी घेतलं, आता कोण देणार हे सगळं त्यात सविस्तर येतं. आमच्या कागदात आलं होतं, की नवऱ्यानं १८७६ च्या फेब्रुवारीत रजिस्टर गहाणखत करून दिलं होतं, त्यातली अमुक रक्कम राहिली आहे, आणि गहाण पडलेल्या शेताचा सर्वे नंबर हा.

इथं आख्यायिकेला पहिला तडा गेला. दंगा १८७५ चा आणि माणूस १८७६ ला कर्ज काढतोय. शिवाय तो दंगा ज्यांनी थोडाफार वाचलाय त्यांना माहीत आहे की तिथं कागद जळले, माणसं मारण्याकडं कल नव्हता, शिक्षा झाल्या त्या कैदेच्या. मित्र जरा नाराज झाला. फाशी गेलेला पूर्वज आणि कर्ज काढलेला पूर्वज यात कोण निवडणार हे उघड आहे.

१८७६ चा दस्त रजिस्टर असल्यामुळं त्याची नक्कल सबरजिस्ट्रारच्या बुकात असणार हे नक्की. फ्लॅट घेतलेल्या प्रत्येकाला इंडेक्स टू म्हणजे काय ते माहीत असतं, ती सूची मिळकतीवरून लावलेली, तशीच सूची एक माणसांच्या नावावरून लावलेली असते, आणि ही पद्धत जुनीच आहे. जुनी बुकं कुठल्या ऑफिसात आहेत हे शोधण्यात वेळ गेला, एका ठिकाणी तर ‘ती वाळवीनं खाल्ली’ असं बुक न बघताच सांगितलं, ते सोडा. नक्कल मिळाली. लिहून देणार, उमर सुमारे २५, धंदा शेती व पाटीलकी, वडलांचं नाव ‘बिन’ लावून, आणि शेवटी निशाणी नांगर.

ज्यांनी जुने कागद पाहिले नाहीत त्यांच्यासाठी, लिहिता न येणारा माणूस तेव्हा आपल्या कामाच्या हत्याराचं चित्र काढायचा आणि शेजारी लिहिणारा नाव घालायचा. कुणबी-पाटलाचा नांगर, चांभाराची रापी, असं. आमच्याकडं होती ती रजिस्टरातली नक्कल म्हणजे कारकुनानं काढलेला नांगर, खापरपणजोबांच्या हातचा नाही, पण एक कळलं की या पाटलाला सही येत नव्हती. पुढं त्याचा पोरगा शाळेत गेला याला त्यामुळं वजन येतं.

‘सुमारे २५’ वर मात्र जीव टाकायचा नाही. त्या काळच्या कागदांत २५, ३०, ४० अशी गोल वयं ढिगानं येतात, लोक विचारल्यावर अंदाज सांगायचे आणि कारकून जवळचा आकडा टाकायचा. मी पाच वर्षं अलीकडं पाच वर्षं पलीकडं धरतो. म्हणजे जन्म १८४६ ते १८५६ मध्ये कुठंही. त्याला दुसऱ्या बाजूनं आवळायचं तर वतनाचा कागद लागतो.

वतन हा आमच्या प्रकरणातला खरा खजिना. १८७४ ला मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत वतनांचा कायदा झाला, त्यानंतर वतनदार कोण, त्याचे हिस्सेदार कोण, मेला तर वारस कोण याची रीतसर नोंद ठेवायला लागली. पाटील मेला तर सरकारला वसुलीसाठी दुसऱ्या दिवशी माणूस पाहिजे, त्यामुळं साधा शेतकरी मेला तर कागद हलणार नाही पण पाटील मेला की चौकशी लागते, जबान्या होतात, वंशावळ मांडली जाते. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे घराण्यांनीही हेच बघावं. ज्यांच्याकडं इनाम होतं त्यांनी त्याच्याही मागं जावं, १८५२ च्या अकराव्या कायद्याखाली इनाम कमिशननं हजारो लोकांना हक्क सिद्ध करायला लावले होते, तेव्हा लोकांनी चार-चार पिढ्या लिहून दिल्यात, पुण्याच्या पुरालेखागारात जाऊन बसायची तयारी पाहिजे एवढंच.

वारस चौकशीची फाईल तहसिलीच्या अभिलेख कक्षात मिळाली, दोन दोरे बांधलेलं बोचकं, वर फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, लिहिलेला. (दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, वर्ष जूनला बदलतं म्हणून जानेवारी ते मे असेल तर ५९१.) फाईल १८७८ च्या सुरुवातीची. वतनदार मयत, वारस मुलगा अज्ञान उमर ३, काम बघायला गुमास्ता म्हणून मुलाचा चुलता. चुलत्याच्या जबानीत मृत्यूची मिती होती, शके १७९९ ईश्वर नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, तापाच्या दुखण्यानं.

आता हे इंग्रजी तारखेत आणायचं. शकात ७८ मिळवायचे, १८७७. मार्गशीर्ष नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास येतो म्हणून ७८ चालतात, पण पौष-माघ असता आणि तारीख १ जानेवारीच्या पुढं गेली असती तर ७९ लागले असते, इथं भलेभले घसरतात. संवत्सराचं नाव लिहिलेलं असेल तर ते तपासून बघायचं, साठ वर्षांचं चक्र आहे, प्रभव १८६७ ला सुरू झालं, त्यापासून अकरावा ईश्वर, बरोबर १८७७. शक वाचताना ७ आणि ९ ची गल्लत झाली असती तरी संवत्सरानं पकडलं असतं. त्या वर्षी मार्गशीर्ष डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागला, म्हणजे सप्तमी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी.

मी हे सांगत होतो तेव्हा मित्राच्या आत्या तिथंच बसल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढं, कान अजून तिखट. त्या म्हणाल्या, “सातवी का? आमचा म्हाळ बी सातवीलाच असतो की.”

“आत्या, पण सातवीलाच का? तुमचे वडील कधी गेले?”

“बा गेला दशमीला. पण म्हाळ सातवीचा तो सातवीचा. बा घालायचा म्हणून भाऊ घालतोय.”

याच्यापेक्षा चांगला पुरावा मला आजवर क्वचितच मिळालाय. पितृपक्षातला म्हाळ गेलेल्या माणसाच्या तिथीला घालतात. पणजोबांनी तीन वर्षांचे असताना गमावलेल्या बापाचा म्हाळ आयुष्यभर सप्तमीला घातला, पुढच्या पिढीनं तीच तिथी चालू ठेवली, कुणासाठी ते विसरून गेले पण तिथी विसरले नाहीत. श्राद्धात नावं तीन पिढ्यांची घेतात, बाप, आजा, पणजा, त्यापलीकडची नावं गळतात. तिथी मात्र अशी चिकटून राहते. म्हणून मी आता कुणी वंशावळ घेऊन आलं की आधी विचारतो, तुमचा म्हाळ कोणत्या तिथीला? नवमीला असेल तर घरात कुणी सवाष्ण गेलेली, अविधवा नवमी. चतुर्दशीला असेल तर अपघातानं किंवा शस्त्रानं गेलेला कुणीतरी. फाशी गेलेल्या माणसाचा म्हाळ सरळ सप्तमीला घातला नसता, चतुर्दशी धरली असती. एकट्या या मुद्द्यावर मी काही ठरवणार नाही, पण जबानीतला ताप आणि म्हाळाची सप्तमी एका बाजूला बसतात आणि फाशी दुसऱ्या बाजूला एकटी पडते.

डिसेंबर १८७७ आणि ताप म्हटलं की मागं दुष्काळ बघायलाच पाहिजे. १८७६ ला पाऊस गेला, इंदापूर हा पुणे जिल्ह्यातला कोरड्यातला कोरडा भाग, लोक दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेले, पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अहवाल पाठवत होती. १८७७ ला पाऊस परत आला आणि त्याच्या मागं तापाची साथ आली, वर्षभर अर्धपोटी राहिलेल्या शरीरांना ती झेपली नाही. दुष्काळात माणसं भुकेनं मरतात ही आपली समजूत, प्रत्यक्षात खूप जण पाऊस पडल्यावर तापानं आणि पटकीनं मेली. फेब्रुवारी १८७६ चं कर्ज म्हणजे दुष्काळाच्या आधीचं, त्यानंतर लगेच दोन वाईट वर्षं, आणि फेडणारा गेला. घरच्यांच्या डोक्यात सावकार आणि तरणा मृत्यू हे दोन्ही एकत्र राहिले, मधले दुवे गेले, आणि शेजारच्या तालुक्यातला दंगा त्यात येऊन बसला असं माझं मत.

एक अडचण बाकी होती आणि ती मोठी होती. गावात त्याच नावाचा दुसरा माणूस होता, चुलतभाऊ, दोघांना एकाच आजोबांचं नाव ठेवलेलं. आडनाव एकच, गाव एकच, वयही जवळपास सारखं. ‘बिन’ नंतरचं बापाचं नाव वेगळं होतं खरं पण मोडीत ते दोन्ही बाप एकमेकांसारखे दिसत होते, बापू आणि बाबू वेगळे करायचे तर लिहिणाऱ्याचं वळण ओळखायला लागतं, आणि मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात. अशा वेळी मी माणसाला सोडून जमिनीला धरतो. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास जमीन मोजून सारा ठरवायची नवी पद्धत सुरू केली ती इंदापुरातच, तीस वर्षांच्या मुदतीनं, त्यामुळं इंदापूरची फेरआकारणी सगळ्यांच्या आधी, १८६७ ला झाली. त्या वेळच्या पत्रकात १८८२ च्या गहाणखतातला सर्वे नंबर काढला तर खातेदार खापरपणजोबांचे वडील, आणि त्या चुलतभावाच्या बापाचं शेत ओढ्याच्या पलीकडं वेगळ्या नंबरला. पिढ्या बदलल्या, नावं सारखी आली, नंबर तिथंच राहिला. ज्यांच्या गावात अर्धे लोक एकाच नावाचे आहेत त्यांनी हा मार्ग धरावा.

त्यातूनच वयही आवळता आलं. १८६७ ला खातं बापाच्या नावावर, आणि १८७४ च्या कायद्याखालच्या वतन रजिस्टरात खापरपणजोबा स्वतः वतनदार, पालनकर्ता कुणी नाही. म्हणजे त्यांचे वडील मधल्या वर्षांत गेले आणि तेव्हा हे सज्ञान होते. जन्म १८५० च्या आसपास धरायला हरकत नाही, गेले तेव्हा पंचवीस ते तीस. बापही फार म्हातारा होऊन गेला नसावा.

पोरगा मामाकडं का गेला हेही फाईलमध्येच दडलं होतं. चुलता गुमास्ता म्हणून पाटीलकी बघणार, त्याचा मुशाहिरा (कामाचा मोबदला) त्याला मिळणार, आणि १८८२ च्या गहाणखताला साक्षीदार म्हणून चुलता नाहीच, साक्ष घातलीय ती बाईच्या भावानं. म्हणजे तोवर ती माहेरच्या आधारानं उभी होती. भांडणाचा कागद नाही म्हणून भांडण झालं असं मी लिहिणार नाही, पण साक्षीदारांची यादी कधीही वरवर वाचून सोडू नये, कर्जाच्या कागदावर कोण सही करायला आलं आणि कोण आलं नाही यात घरची सगळी हालत कळते.

मामाचं गाव उजनीच्या पाण्यात गेलेलं. धरण १९८० ला पुरं झालं, गाव उठून नव्या गावठाणावर बसलं, पण शाळा सरकारी, दप्तर घेऊन गेली. जनरल रजिस्टरात १८८३ ला मुलगा दाखल, उमर ८, पालक म्हणून मामा. वडलांच्या नावाआधी ‘कै.’ नाही, नुसतं नाव. तीन कागदांतून, शाळा, वारस चौकशी आणि मृत्यूची नोंद, पणजोबांचा जन्म १८७५ च्या आगेमागेच येतो, इतकी जुळणी जुन्या कागदांत सहसा मिळत नाही.

वंशावळीत आता खापरपणजोबांपुढं ‘सुमारे १८५० – मार्गशीर्ष शु. ७ शके १७९९, डिसेंबर १८७७’ असं आहे, ‘सुमारे’ काढायचा नाही असं मी बजावून ठेवलंय, आणि शेजारी खापरपणजीचं नाव. तिचं माहेरचं आडनाव मामाच्या साक्षीवरून मिळालं. फाशीची गोष्टही तळटीप म्हणून ठेवली, घरात शंभर वर्षं सांगितलेली गोष्ट खोडून टाकायला मी कोण, फक्त तिच्या शेजारी १८७६ च्या दस्ताचा नंबर लिहिला. चुलत्याच्या शाखेतले लोक बारामतीत असतात, त्यांच्याकडंही एक पेटी आहे असं कळलंय, पण ती दिवाळीनंतर उघडू असं म्हणतायत.